बाळाचा सतत पाणावणारा डोळा आणि अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत: बाळ रडत नसतानाही त्याचा डोळा पाण्याने भरलेला असतो, पापण्या चिकटतात, आणि कोणी थांबायला सांगते तर कोणी लगेच शस्त्रक्रिया करायला सांगते. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. काही पत्रांतील मजकूर एकत्र केला आहे, आणि ज्यांना तातडीने दाखवायला सांगणे आवश्यक होते त्यांना अंकाची वाट न पाहता आधीच कळवले आहे.

प्रश्न : आमचा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येते आणि सकाळी पापण्या चिपडांनी इतक्या चिकटतात की ओल्या कापसाने पुसल्याशिवाय डोळा उघडत नाही. आतापर्यंत तीन वेळा थेंब घालून झाले. थेंब चालू असतात तोवर बरे वाटते, बंद केले की चार दिवसांत पुन्हा तेच सुरू होते. माझ्याकडून स्वच्छतेत काही कमी पडते आहे का?

उत्तर : तुमच्याकडून काहीही कमी पडलेले नाही, हे सर्वांत आधी सांगते, कारण या तक्रारीसाठी येणाऱ्या बहुतेक आयांच्या मनात हीच बोच असते. दोष स्वच्छतेत नाही आणि बाळाच्या डोळ्यातही नाही. अश्रू वाहून नेणारी वाट अजून पूर्ण उघडलेली नाही, इतकेच झाले आहे.

अश्रू तयार होतात ते वरच्या पापणीआड, बाहेरच्या बाजूला असलेल्या ग्रंथीत. पापणी मिटली की ते डोळ्यावर पसरतात आणि नाकाकडच्या कोपऱ्यात जमतात. तिथे दोन्ही पापण्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. खालची पापणी किंचित बाहेर ओढून आरशात पाहिलेत तर तुमच्या स्वतःच्या डोळ्यातही ते दिसेल. या छिद्रांतून अश्रू बारीक नळ्यांवाटे अश्रुपिशवीत जातात आणि पिशवीपासून खाली उतरणाऱ्या अश्रुनलिकेतून नाकात पोहोचतात. रडताना आपले नाकही वाहू लागते ते याच वाटेमुळे. गर्भावस्थेत ही सगळी वाट पेशींच्या एका भरीव दोरीसारख्या पट्ट्यातून हळूहळू पोकळ होत जाते आणि सर्वांत शेवटी उघडते ते तिचे नाकातले टोक. पुष्कळ बाळांमध्ये जन्माच्या वेळी या टोकावर एक पातळ पडदा शिल्लक असतो. तो बहुतेकांचा आपोआप फाटतो. ज्यांचा फाटत नाही त्यांच्या पिशवीत अश्रू साचून राहतात आणि डोळ्यात परत येतात. पहिले काही आठवडे बाळाचे अश्रूच कमी असतात, त्यामुळे तुमच्या मुलाप्रमाणे बहुतेकांची तक्रार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लक्षात येते.

आता थेंबांविषयी. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि चिपडे येतात. प्रतिजैविकांचे थेंब ते जंतू कमी करतात, पण पडदा उघडणे हे त्यांचे काम नव्हे. म्हणून थेंब थांबले की पाणी पुन्हा साचते आणि जंतूही परत येतात. चिकटा पिवळा-हिरवा आणि भरपूर झाला तर काही दिवस थेंब जरूर घालावेत, मात्र नुसते पाणी येते म्हणून महिनोन्‌महिने ते चालू ठेवण्यात अर्थ नाही. एरवी स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतून बाहेर असा एकदाच हात फिरवून डोळा पुसावा, आणि दर वेळी कापूस नवा घ्यावा.

एक गोष्ट रोज पाहत जा: डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे ना? अश्रुमार्ग बंद असलेल्या बाळाचा डोळा ओला आणि चिकट असतो, पण सहसा लाल नसतो. अशा दर १० बाळांपैकी सुमारे ९ जणांची वाट वर्षाच्या आत कोणत्याही शस्त्रक्रियेशिवाय मोकळी होते. तुमचा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. त्याच्याजवळ भरपूर वेळ आहे.

प्रश्न : मुलगी पाच महिन्यांची आहे. डॉक्टरांनी मसाज करायला सांगितले, म्हणून दोन महिने दिवसातून दोनदा नाकाच्या बाजूने बोट फिरवतो आहोत. काहीच फरक नाही. मसाजाने खरेच काही होते का, की पालकांना काहीतरी काम द्यायचे म्हणून सांगतात?

उत्तर : खरेच होते, पण मसाज योग्य जागी आणि योग्य दाबाने झाला तरच. क्रिगलर या नेत्रतज्ज्ञांनी १९२३ मध्ये ही पद्धत वर्णन केली आणि आजही उपचाराची पहिली पायरी तीच आहे. अडचण अशी की दवाखान्यात अर्ध्या मिनिटात हवेतल्या हवेत बोट फिरवून ती दाखवली जाते आणि मग घरोघरी नाक चोळले जाते, पिशवी मात्र दाबली जात नाही. यात चूक पालकांची नाही, आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.

आधी आपल्याला करायचे काय आहे ते लक्षात घ्या. पिशवी म्हणजे पाण्याने भरलेली छोटीशी थैली. तिचे वरचे तोंड बोटाने बंद करून तिला दाबले की आतले पाणी खालच्या दिशेने जोरात ढकलले जाते आणि त्या धक्क्याने पडदा फाटू शकतो. म्हणजेच त्वचा चोळणे हा आपला हेतू नाही. आतल्या पाण्याचा दाब क्षणभर वाढवणे हा आहे.

नख पूर्ण कापा आणि हात साबणाने धुवा. बाळाला पाठीवर झोपवून त्याचे डोके दोन्ही बाजूंनी स्थिर करा. दूध पिताना किंवा झोप लागता लागता केले तर बाळ कमी विरोध करते. तर्जनीचे किंवा करंगळीचे टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, कोपरा आणि नाक यांच्या मध्ये ठेवा. तिथे हाडाची एक बारीक कड बोटाला लागते आणि तिच्या मागच्या खळगीत पिशवी असते. बोट त्या खळगीत आत दाबा. तुमच्या बोटाच्या टोकाचा गुलाबी रंग फिकट पडेल इतका दाब हवा. मग दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने खाली आणा. पुन्हा वर जाताना बोट उचलून न्या. असे ५ ते १० वेळा आणि दिवसातून ३-४ वेळा करावे. पहिल्या दाबाला कधीकधी आतला चिकटा डोळ्यात वर येतो. त्याला घाबरू नका. बोट योग्य जागी असल्याचीच ती खूण आहे. तो पुसून घ्या आणि मग पुढचे दाब द्या. थेंब सांगितले असतील तर ते मसाजानंतर घाला, म्हणजे औषध रिकाम्या झालेल्या जागेत उतरेल.

पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तुम्ही स्वतः मसाज करून दाखवा आणि त्यांना तुमचे बोट नेमक्या जागी ठेवून द्यायला सांगा. हे मागायला मुळीच संकोच करू नका. आणि कोपऱ्यातली जागा लाल, गरम किंवा दुखरी झाली असेल, बाळाला ताप असेल, तर मसाज अजिबात करू नये. तो पिशवीचा जंतुसंसर्ग असतो, त्याला पोटातून किंवा शिरेतून प्रतिजैविके लागतात आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.

प्रश्न : आमच्या चार महिन्यांच्या बाळाच्या दोन्ही डोळ्यांना पाणी येते. चिकटा अजिबात नाही. उजेडात नेले की ते डोळे घट्ट मिटून घेते आणि तोंड फिरवते. नातेवाईक म्हणतात की वर्षभरात आपोआप बरे होईल. थांबावे का?

उत्तर : थांबू नका. हा अंक हाती पडेपर्यंत तुम्ही बाळाला दाखवले असेल अशी आशा आहे, तसे तुम्हाला कळवले होतेच. इतर वाचकांसाठी इथे लिहिते आहे, कारण "बाळाच्या डोळ्याला पाणी येतेच" या समजुतीमागे हा एक गंभीर आजार दडून राहतो.

पाणी दोन कारणांनी येते: एक तर वाट अडलेली असते, नाहीतर डोळ्याला काहीतरी खुपत असल्यामुळे पाणी जास्त तयार होत असते. उजेड सहन न होणे, डोळे आवळून मिटणे, बुबुळ मोठे वाटणे किंवा त्यावर धुरकट निळसर छटा दिसणे ही जन्मजात काचबिंदूची लक्षणे आहेत. लहान बाळाचे मोठे, टपोरे डोळे पाहून घरातले सगळे कौतुक करतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या पारदर्शक पटलाचा व्यास १२ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर नेत्रतज्ज्ञ डोळ्यातला दाब मोजतातच. या आजारात वाया गेलेला एकेक आठवडा नजरेला भोवू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया वेगळी असते, लवकर करायची असते. आत वळलेल्या पापण्यांचे केस, बुबुळावरचा ओरखडा किंवा डोळ्यात गेलेला कण यांनीही असेच पाणी येते. चिकट्याविना पाणी आणि उजेडाचा त्रास, ही जोडी दिसली की अश्रुमार्गाचा विचार बाजूला ठेवून डोळा तपासून घ्यावा.

प्रश्न : नवजात बाळाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली वाटाण्याएवढी निळसर गाठ आहे. जन्मापासूनच आहे. ही रक्ताची गाठ आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अश्रुपिशवी वरून आणि खालून दोन्हीकडून बंद झाली की ती फुग्यासारखी ताणली जाते आणि त्वचेखाली निळसर दिसते. या बाळांना मात्र वर्षभर थांबवत नाहीत, कारण गाठीत जंतुसंसर्ग फार लवकर होतो. शिवाय पुष्कळांच्या नाकातही या पिशवीचा फुगवटा उतरलेला असतो. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. फुगवटा दोन्ही बाजूंना असेल तर दूध पिताना त्याचा श्वास अडकतो, ते मध्येच स्तन सोडून धापा टाकते. असे होत असेल तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या. एरवीही पहिल्या काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसातज्ज्ञ दोघांनी पाहावे. थोड्या दिवसांच्या मसाजाने काही गाठी बसतात. नाही बसली तर सळई घालून मार्ग उघडतात आणि नाकातला फुगवटा दुर्बिणीने कापून काढतात. गाठ कोपऱ्याच्या रेषेच्या वर असेल तर ती दुसऱ्याच कशाची असू शकते. तिला आधी स्कॅन लागतो, घरी दाबून पाहू नये.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा आहे. एका डॉक्टरांचे म्हणणे आहे की आत्ताच, भूल न देता, प्रोबिंग (अश्रुमार्गात बारीक सळई घालून अडथळा उघडणे) करून टाकू. दुसरे म्हणतात, वर्ष पूर्ण होऊ दे, मग भूल देऊन करू. तिसऱ्यांनी दीड वर्षापर्यंत थांबायला सांगितले. तिघेही अनुभवी आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमची कोंडी मला समजते, आणि तिघांपैकी कोणीही चुकीचे सांगितलेले नाही. या प्रश्नावर जगभरच्या नेत्रतज्ज्ञांत दोन मते आहेत आणि दोन्हींमागे कारणे आहेत.

लवकर करणाऱ्यांचे म्हणणे असे की सहा ते दहा महिन्यांचे बाळ चादरीत गुंडाळून धरता येते, डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून काही मिनिटांत काम होते, पूर्ण भूल टळते आणि पुढचे कित्येक महिने चिकटा पुसण्यातून घराची सुटका होते. थांबणाऱ्यांचे म्हणणे असे की यातल्या पुष्कळ बाळांना शस्त्रक्रियेची गरजच पडणार नाही. अमेरिकेतील बालनेत्ररोगांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने सहा ते दहा महिन्यांच्या, एका डोळ्याचा मार्ग बंद असलेल्या बाळांचे दोन गट करून हेच तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना थांबवले त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश बाळे पुढच्या सहा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरी झाली. म्हणजे आज आठव्या महिन्यात शस्त्रक्रिया केली तर तीनपैकी दोन बाळांवर ती विनाकारण केल्यासारखे होते. दुसऱ्या बाजूने, तीनपैकी एका बाळाला सहा महिने वाट पाहूनही शेवटी ती करावीच लागते.

माझे स्वतःचे मत थांबण्याच्या बाजूचे आहे. सळई अंदाजाने, बोटांच्या स्पर्शावर पुढे न्यायची असते. जागे बाळ धडपडत असेल तर ती मूळ वाट सोडून भलतीकडे घुसण्याचा धोका वाढतो, आणि तशी चुकीची वाट एकदा पडली की तिथला व्रण पुढचे सगळे उपचार अवघड करतो. चिकटा सहन होण्याजोगा असेल, डोळ्याभोवतीची त्वचा सोलवटत नसेल, पिशवीला एकदाही जंतुसंसर्ग झाला नसेल तर मी १२ महिने पूर्ण होईपर्यंत योग्य मसाज करायला सांगते. वारंवार संसर्ग होत असेल तर मात्र तारखेकडे न पाहता लवकर करणे योग्य ठरते. दीड वर्षापर्यंत थांबल्याने वाट कायमची बंद होत नाही, तेव्हा तिसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेही नुकसान नाही; फक्त इतका काळ चिकटा काढत बसायची तुमची तयारी हवी. वय वाढले की प्रोबिंगचे यश घटते असे म्हणतात, पण त्याचे एक कारण हेही आहे की सोपे अडथळे तोवर आपोआप सुटून गेलेले असतात आणि अवघड तेवढे मागे उरतात.

प्रश्न : मुलगी तेरा महिन्यांची झाली आणि प्रोबिंगची तारीख ठरली. एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल देणार या विचाराने झोप लागत नाही. आत नेमके काय करतात? भुलीचा मेंदूवर परिणाम होतो असे वाचले, ते खरे आहे का?

उत्तर : आधी भुलीचे सांगते, कारण झोप त्यामुळे उडाली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या भुलीविषयी इशारा दिला, त्यावरून ही भीती पसरली. पण तो इशारा तीन तासांहून जास्त चालणाऱ्या किंवा वारंवार द्याव्या लागणाऱ्या भुलीविषयी होता. लहान वयात एकदाच तासाभराची भूल मिळालेल्या बाळांचा पाच वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या वाढीत फरक आढळला नाही. प्रोबिंगला साधारण दहा मिनिटे लागतात. लहान मुलांना नेहमी भूल देणारे भूलतज्ज्ञ असावेत, एवढा आग्रह मात्र जरूर धरा.

तुमच्या हातात आहे ते उपाशी ठेवण्याचे वेळापत्रक. साधे पाणी भुलीच्या २ तास आधीपर्यंत, आईचे दूध ४ तास आधीपर्यंत, आणि वरचे दूध किंवा घन आहार ६ तास आधीपर्यंत चालतो. तुमच्या रुग्णालयाने याहून वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा. बाळ रडले म्हणून कोणी प्रेमापोटी दोन घोट दूध पाजले, तर ते लपवू नका. पोटात दूध असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर तारीख पुढे जाईल. ती गेली म्हणून निराश होऊ नका.

आता आत काय होते ते. बाळ झोपले की वरच्या पापणीचे ते टाचणीएवढे छिद्र एका निमुळत्या काडीने किंचित रुंद करतात. मग बोमन यांच्या नावाने ओळखली जाणारी, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची गुळगुळीत, बोथट टोकाची सळई त्यातून आत जाते. आधी पापणीच्या कडेने आडवी, आणि टोकाला हाडाचा कठीण स्पर्श झाला, म्हणजेच पिशवी आली, की तिला उभी वळवून हळूच खाली सोडतात. इथे जोर लावायचा नसतो, सळईने आपली वाट स्वतः शोधायची असते. खालच्या टोकाशी ती थांबते, आणि ताणलेल्या पातळ कागदातून टाचणी आरपार जावी तसा हलकासा 'टप्' बोटांना जाणवतो. तोच तो पडदा. खात्री करण्यासाठी नाकपुडीतून दुसरी सळई घालतात. आत धातूला धातू लागल्याचा खरखरीत स्पर्श हाताला कळतो. काही शल्यविशारद त्याऐवजी नाकात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहतात, आणि दुर्बीण उपलब्ध असेल तर मला ते अधिक चांगले वाटते, कारण सळई पडदा फाडून बाहेर आली की नाकाच्या अस्तराखालीच सरकली, हे डोळ्यांना दिसते. शेवटी पापणीच्या छिद्रातून पिवळसर-हिरवा रंग मिसळलेले थोडे सलाइन सोडतात. ते नाकात लावलेल्या नळीत हिरवे होऊन ओढले गेले की काम झाले. त्वचेवर कुठेही छेद नसतो, टाका नसतो, पट्टी नसते.

त्याच दिवशी बाळ घरी येते. पहिला दिवसभर अश्रूंत किंवा नाकात गुलाबीसर पाणी दिसेल, ते स्वाभाविक आहे. थेंब आठवडा-दोन आठवडे घालावे लागतात. नाकातून रक्ताची धार लागली, ताप आला किंवा कोपऱ्यात सूज वाढत गेली तर फोनवर विचारत न बसता बाळाला घेऊन जा. साध्या पडद्याचा अडथळा असलेल्या या वयाच्या १० मुलांपैकी सुमारे ८ ते ९ मुले एकाच प्रोबिंगने बरी होतात. पाणी त्याच दिवशी थांबले नाही तरी धीर धरा. आतली सूज उतरायला काही आठवडे लागतात.

प्रश्न : इतके दिवस पाणी साचून राहिल्याने नजर अधू होते का?

उत्तर : साचलेल्या अश्रूंनी होत नाही. मात्र अश्रुमार्ग बंद असलेल्या काही मुलांत दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असल्याचे आढळते आणि तो वेळीच न सुधारल्यास एक डोळा आळशी होऊ शकतो. म्हणून पाणी थांबले तरी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन्ही डोळ्यांचा नंबर एकदा तपासून घ्यावा. भुलीखाली ही तपासणी सहज होते, आठवणीने विचारा.

प्रश्न : वर्षभराची असताना मुलीचे प्रोबिंग झाले. दोन महिने बरे गेले, मग पाणी पुन्हा सुरू झाले. आता ती पावणेदोन वर्षांची आहे. पुन्हा तेच करायचे की काही वेगळे?

उत्तर : एकदा अयशस्वी झालेले प्रोबिंग तसेच्या तसे पुन्हा करण्यापेक्षा ते का अयशस्वी झाले हे आधी पाहावे. डोळ्यात पिवळ्या रंगाचा एक थेंब घालून पाच मिनिटांनी पाहतात: वाट मोकळी असेल तर रंग जवळजवळ निघून गेलेला असतो, बंद असेल तर डोळ्यातच तळ्यासारखा साचलेला दिसतो. सर्दीच्या दिवसांत नाकाचे अस्तर सुजल्यामुळे मोकळ्या वाटेतूनही पाणी अडते, म्हणून ही तपासणी सर्दी नसताना करावी. त्यात अडथळा नक्की ठरला तर पुढची पायरी भुलीखाली नाकाच्या दुर्बिणीसह घ्यावी.

अडथळा कधी पडद्याचा नसून नलिकेच्या अरुंदपणाचा असतो. कधी नाकातले खालचे शंखास्थी, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचे वळलेले हाड, नलिकेच्या तोंडावर दाबून बसलेले असते. ते हलकेच मध्याकडे सरकवले की जागा होते. नलिका अरुंद असेल तर दोन मार्ग आहेत. पहिल्यात मार्गातून केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी घालून ती काही महिने तशीच ठेवतात, म्हणजे तिच्याभोवती वाट भरून येताना बंद होत नाही. दुसऱ्यात सळईच्या टोकाशी असलेला छोटा फुगा आत नेऊन दीड-एक मिनिट फुगवतात, रिकामा करतात आणि पुन्हा फुगवतात. अयशस्वी प्रोबिंगनंतर दोन्हींचे यश जवळपास सारखे आहे. तुमच्या शल्यविशारदांचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे ती स्वीकारा. यंत्र कोणते यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे, याला इथे जास्त महत्त्व आहे.

डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा चेहऱ्याच्या हाडांची रचना वेगळी असलेल्या मुलांत पापणीतल्या बारीक नळ्याच अरुंद असण्याची शक्यता अधिक असते. त्यांच्या पालकांना मी पहिल्याच भेटीत सांगते की एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया लागू शकतील. काही थोड्या मुलांत पापणीचे छिद्र तयारच झालेले नसते. वर नुसता पातळ पापुद्रा असेल तर तो टोचून उघडता येतो, खालची नळीच नसेल तर उपाय पूर्ण वेगळा असतो.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी मुलाच्या डोळ्यात सिलिकॉनची नळी बसवली. आज सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यातून दोऱ्यासारखे वेटोळे बाहेर आले आहे आणि तो ते बोटाने ओढतो आहे. रविवार असल्याने दवाखाना बंद आहे. काय करू?

उत्तर : नळी ओढू नका आणि कापू तर मुळीच नका. कापली तर तिचे टोक आत सरकते आणि डॉक्टरांना धरायला काही उरत नाही. हात धुऊन वेटोळे चिकटपट्टीने नाकाच्या बाजूला चिकटवा, मुलाचे बोट तिथे पोहोचणार नाही असे पाहा आणि रुग्णालयाच्या तातडीच्या क्रमांकावर कळवा. नळी डोळ्याच्या बुबुळाला घासत असेल, डोळा लाल झाला असेल किंवा मुलगा तो उघडत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. बहुतेक वेळा नळी नाकाकडून परत खाली खेचता येते. नाहीच जमले तर ती काढावी लागते. ठरल्यापेक्षा लवकर निघाली तरी अनेक मुलांची वाट मोकळीच राहते. एरवी नळी दोन ते सहा महिन्यांनी काढतात. एकाच पापणीतून घातलेल्या नळीचे टोक चिमट्याने धरून ती दवाखान्यातच काही क्षणांत निघते. दोन्ही पापण्यांतून घालून नाकात गाठ मारलेली असेल तर लहान मुलाला पुन्हा थोडी भूल लागू शकते. ती कोणत्या प्रकारची आहे, हे बसवतानाच विचारून लिहून ठेवावे.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. प्रोबिंग दोनदा झाले, नळीही घालून झाली, तरी डोळा वाहतो आणि वर्षातून दोनदा कोपरा सुजतो. आता हाड कापून नवीन वाट करावी लागेल असे सांगितले आहे. चेहऱ्यावर व्रण राहील का? वाढत्या वयात हाड कापणे योग्य आहे का?

उत्तर : या शस्त्रक्रियेला डीसीआर म्हणतात. अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामध्ये पातळ हाडाचा एक पडदा असतो. त्यात खिडकी करून पिशवी थेट नाकात उघडतात, म्हणजे खालची बिघडलेली नलिका वापरावीच लागत नाही. मुलाला वारंवार संसर्ग होत असताना आणि आधीच्या सगळ्या पायऱ्या झालेल्या असताना हा सल्ला योग्य आहे. खिडकी काही मिलिमीटरची असते. एवढ्याने चेहऱ्याची वाढ खुंटेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही, तरीही बहुतेक शल्यविशारद मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत थांबतात, कारण नाक मोठे झाले की काम सुकर होते.

ही शस्त्रक्रिया दोन वाटांनी करता येते. बाहेरून करायची पद्धत टोटी यांनी १९०४ मध्ये मांडली. तिच्यात नाकाच्या बाजूला एक-दीड सेंटीमीटरचा छेद असतो आणि मुलांच्या त्वचेवर त्याची रेघ काही महिन्यांत बरीच फिकी पडते, पण पूर्ण नाहीशी होईलच असे नाही. दुर्बिणीने नाकातून केली तर त्वचेवर छेदच नसतो. अरुंद बालनाकात दुर्बीण आणि उपकरणे एकाच वेळी चालवायला हात सरावलेला लागतो, म्हणून कान-नाक-घसातज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ बरोबरीने काम करत असतील अशा ठिकाणी ती करून घ्यावी. अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींचे निकाल चांगले आहेत.

सध्या कोपरा सुजलेला असेल तर आधी प्रतिजैविकांनी सूज पूर्ण उतरू द्या. सुजेत शस्त्रक्रिया टाळतात. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर त्याला नाक शिंकरू देऊ नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायला आधीपासून शिकवा, आणि सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने नाक धूत राहा. खिडकी पुन्हा बुजते ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत, नाकात खपल्या धरून राहिल्यामुळे. त्यामुळे डोळ्याचे पाणी थांबले तरी दुर्बिणीने नाक पाहण्याच्या ठरलेल्या भेटी चुकवू नका.